घरी येतोस तो तपासणीला आल्यासारखा

स. न. वि. वि.

माझे वय ४२. गेली १६ वर्षे मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे. दोन वर्षांपूर्वी बढती मिळाली आणि १४ जणांच्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली. आठवड्याचे कामाचे तास तेव्हाही ५० च्या आसपास होते आणि आजही तेवढेच आहेत. फरक इतकाच की आता संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी कामाचा फोन केव्हा येईल याचा भरवसा राहिलेला नाही. पत्नी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी १० वर्षांची आहे. वडिलांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. मी घरी असतो तेव्हा डोक्यात काम असते आणि कामावर असतो तेव्हा वडिलांनी दुपारचे औषध घेतले असेल का, हा विचार असतो. जे काम मी आवडीने करत होतो ते आता नकोसे झाले आहे आणि ज्या घरासाठी हे सर्व चालले आहे असे मी म्हणतो, तिथेही माझे मन लागत नाही. पत्नी म्हणते, “तू घरी येतोस तो तपासणीला आल्यासारखा.” राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला आहे. तो दिला तर समाधान परत येईल का? पुरुषाने असा प्रश्न विचारावा का, अशीही शंका मनात येते. परवा मुलीने विचारले, “बाबा, तुला घरी कंटाळा येतो का?” मला उत्तर देता आले नाही.

— एक लेखापरीक्षक

सप्रेम नमस्कार,

पुरुषाने हा प्रश्न विचारावा का, ही शंका आधी बाजूला करू या. काम आणि कुटुंब यांतील ओढाताणीवर झालेल्या शेकडो अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि स्त्रिया व पुरुष यांनी सांगितलेल्या ओढाताणीच्या प्रमाणात त्यात जवळपास फरक आढळला नाही. घरकामाचा भार दोघांवर सारखा पडतो, असा याचा अर्थ मुळीच नाही; तो बहुतेक घरांत स्त्रीवरच अधिक असतो. दोन जबाबदाऱ्यांच्या कात्रीत सापडल्याची जाणीव पुरुषालाही तितकीच होते, एवढाच त्याचा अर्थ. ती बोलून दाखवण्याची सवय मात्र त्याला नसते, असे माझे मत आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तुमच्या पत्रात पत्नीविषयी दोनच वाक्ये आहेत आणि त्यांतले एक तिने तुमच्याविषयी काय म्हटले, याचे आहे. त्याकडे पुढे वळेन.

आता मुख्य प्रश्न. राजीनामा द्यावा की देऊ नये, हे तुमच्या वतीने ठरवण्याचा अधिकार मला नाही. तरीही तुम्ही ज्या आधारावर तो देऊ पाहता, तो आधार कच्चा आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. नोकरी नकोशी झाली, म्हणजे नोकरीच बिघडली असली पाहिजे, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. लेखापरीक्षक म्हणून समोर आलेली एखादी तफावत तुम्ही इतक्या घाईने कोणाच्या नावावर टाकली नसती. आधी नोंदी मागवल्या असत्या. तुमच्या पत्रात त्या नोंदी आहेत, फक्त तुम्ही त्या एकमेकींशी ताडून पाहिलेल्या नाहीत.

एकाच माणसाकडून दोन ठिकाणी परस्परविरोधी अपेक्षा असल्या की त्याची जी कोंडी होते, तिची शास्त्रीय मांडणी संघटनांमधील ताणाच्या संशोधनात १९६४ पासून होत आली आहे. १९८५ साली जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या दोन अभ्यासकांनी काम व कुटुंब यांच्या बाबतीत तिचे तीन प्रकार सांगितले आणि पुढील बहुतेक संशोधन त्याच पायावर उभे आहे. पहिला प्रकार वेळेचा: एका ठिकाणी दिलेला तास दुसऱ्या ठिकाणी देता येत नाही. दुसरा ताणाचा: तास मोकळा असतो, पण माणूस थकलेला, धास्तावलेला किंवा चिडलेला असतो आणि तो तास वाया जातो. तिसरा वर्तनाचा: एका भूमिकेत जे वागणे गुण ठरते, तेच दुसऱ्या भूमिकेत दोष ठरते.

ओढाताण म्हटले की बहुतेकांना फक्त पहिला प्रकार आठवतो, म्हणून उपायही तास कमी करण्याचाच सुचतो, आणि राजीनामा हे त्याचे टोक. परंतु वेळेचे कारण तुम्ही स्वतःच खोडून काढले आहे; तास पूर्वी ५० होते आणि आजही ५० आहेत. (आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे मांडला आहे. हिशेबवर्षाच्या अखेरीस तुम्ही त्या रेषेपलीकडे जात असाल, तर तेवढे आठवडे मोजून ठेवा. वडिलांचा इतिहास पाहता तुमच्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.)

तुमचे खरे दुखणे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातले आहे. तिसऱ्याबद्दल तुमच्या पत्नीने एका वाक्यात जे सांगितले, ते सांगायला मला परिच्छेद लागेल. लेखापरीक्षकाला चुका शोधण्याचाच पगार मिळतो. समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता पुरावा मागणे, दहा बरोबर नोंदींवरून नजर पुढे नेऊन अकराव्या चुकीच्या नोंदीवर बोट ठेवणे, आणि हे करताना चेहऱ्यावर काही न दाखवणे, हे तुमच्या पेशातले कौशल्य आहे आणि १६ वर्षांत ते अंगवळणी पडले आहे. आता हाच माणूस संध्याकाळी दार उघडून आत येतो आणि वडिलांच्या औषधाचा डबा, मुलीची वही, अर्धवट राहिलेले घरकाम यांवरून त्याची नजर त्याच क्रमाने फिरते. तो काही वाईट बोलत नसेल, कदाचित काही बोलतही नसेल. घरातल्यांना मात्र आपली नमुना तपासणी चालली आहे, हे कळते. बढतीनंतर हे वाढले असेल, असा माझा अंदाज आहे, कारण पूर्वी तुम्ही कागद तपासत होता आणि आता १४ माणसांचे काम तपासता.

ताणाकडे वळण्याआधी दिशेचा मुद्दा पाहायला हवा, कारण राजीनाम्याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी हे वेगळे मोजायला सुरुवात केली की काम कुटुंबात घुसते ती एक गोष्ट आणि कुटुंब कामात घुसते ती दुसरी. दोन्हींची कारणे निराळी असतात. लोक पहिलीची तक्रार दुसरीपेक्षा अधिक करतात. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत. संध्याकाळचा फोन ही पहिली, दुपारचे औषध ही दुसरी. पहिलीची हजेरी तुमच्या रागात लागते, दुसरीची लागत नाही, कारण आजारी वडिलांवर रागावणे तुमच्या स्वभावात बसत नाही. मग तो राग जातो कुठे? तो नोकरीच्या खात्यावर चढतो, असे मला वाटते. नोकरी हे एकच खाते असे आहे की त्यावर काहीही नावे टाकले तरी कोणी हरकत घेत नाही.

या तर्काला संशोधनाचा थोडा आधारही आहे. एका क्षेत्रातल्या ओढाताणीचे परिणाम दुसऱ्या क्षेत्रात अधिक दिसतात, म्हणजे कामाने केलेली घुसखोरी घरच्या समाधानाला सर्वांत जास्त ओरबाडते, असे बराच काळ मानले जाई. २०११ साली झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात चित्र वेगळे निघाले. कामाने कुटुंबात केलेल्या घुसखोरीचा संबंध कामाविषयीच्या असमाधानाशी अधिक घट्ट होता आणि कुटुंबाने कामात केलेल्या घुसखोरीचा कुटुंबविषयक परिणामांशी. ज्या बाजूने त्रास आला असे माणसाला वाटते, त्या बाजूवरून त्याचे मन उडते. ताळेबंद तपासण्यात तुम्हाला १४ वर्षे आनंद वाटत होता आणि दोन वर्षांपासून वाटेनासा झाला. या दोन वर्षांत ताळेबंद बदललेला नाही. बदलले आहे ते इतकेच की ताळेबंदाशी संबंधित कोणीही तुमच्या कोणत्याही संध्याकाळी दार ठोठावू शकतो, आणि त्याच काळात घरी एक आजारी माणूस आला आहे.

‘समाधान परत येईल का’ या प्रश्नाचे उत्तर देताना थोडी आकडेमोड करावी लागेल. तुमच्यासारख्याला ती जड जाऊ नये. टॅमी अॅलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामाची कुटुंबात होणारी घुसखोरी आणि नोकरीतील समाधान यांचा सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण, उणे म्हणजे उलट दिशेने) उणे ०.२४ आणि जीवनातील समाधानाशी तो उणे ०.२८ आला. म्हणजे ओढाताण वाढते तशी दोन्ही समाधाने घटतात, हे खरे. परंतु या अंकांचा वर्ग केला की कळते की माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यापैकी नोकरीच्या बाबतीत सुमारे ६ टक्के आणि जीवनाच्या बाबतीत सुमारे ८ टक्के फरकाचाच मेळ ओढाताणीशी लागतो. बाकीचा भाग कामाचे स्वरूप, नाती, प्रकृती, स्वभाव, पैसा अशा अनेक गोष्टींत वाटला गेलेला आहे. उद्या तुमची सगळी ओढाताण संपली तरी समाधानाचा सगळा हिशेब जुळेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

त्याच विश्लेषणात मला अधिक बोलका वाटणारा आकडा वेगळा आहे. या ओढाताणीचा संबंध कामाचा ताण आणि कामातून येणारी पूर्ण दमणूक यांच्याशी बराच घट्ट, ०.४० च्या थोडा पुढे होता. समाधान हे मला बोथट काट्याचे मापक वाटते. ते हळू हलते आणि कशामुळे हलले ते सांगत नाही. दमणूक लवकर हलते. त्यामुळे ‘मी सुखी आहे का’ असे स्वतःला रोज विचारणे सोडा आणि ‘आज मी किती वाजता दमलो, आणि कशाने’ एवढे दोन आठवडे एका वहीत लिहा. तीन रकाने पुरेत: वेळ गेला, जीव थकला, की घरी कामासारखे वागलो. प्रत्येक नोंदीपुढे ती कामाकडून घराकडे आलेली होती की घराकडून कामाकडे, याचा बाण काढा. ही वही कोणाला दाखवायची नाही.

समाधान मोजायचेच असेल तर एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ सालची पाच विधानांची मोजपट्टी आहे. माझे आयुष्य माझ्या कल्पनेतल्या आदर्शाच्या जवळ आहे, परिस्थिती उत्तम आहे, मी समाधानी आहे, महत्त्वाच्या गोष्टी मला मिळाल्या आहेत, पुन्हा जगायला मिळाले तरी फारसे काही बदलणार नाही, या आशयाची ती विधाने आहेत. प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. बेरीज ५ ते ३५ च्या मध्ये येते आणि २० हा मध्यबिंदू मानतात. ती आठवड्याच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी भरा. अहवालाची मुदत असलेल्या रात्री भरू नका. आणि पत्नीलाही स्वतंत्रपणे भरू द्या. तुमच्या दोघांच्या आकड्यांत किती अंतर आहे, हे प्रत्यक्ष आकड्यांपेक्षा महत्त्वाचे ठरेल.

एक वैद्यकीय सूचना येथेच करायला हवी. ओढाताणीने माणूस खचतो, तसेच खचलेल्या माणसाला ओढाताण जास्त जाणवते. काळानुसार पुनःपुन्हा मोजमाप केलेल्या अभ्यासांच्या २०१५ सालच्या विश्लेषणात हे दोन्ही दिशांनी होत असल्याचे दिसले. आवडते काम नकोसे होणे आणि आवडत्या घरातही मन न लागणे, ही दोन लक्षणे एकत्र आली की कोणत्याही समुपदेशकाचे कान टवकारले पाहिजेत. झोप, भूक, एकाग्रता यांतही बिघाड असेल, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत असेल आणि हे सलग दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर राजीनाम्याआधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य नोकरीबरोबर कार्यालयात मागे राहत नाही. ते सोबत घरी येते. जगणे नको, असा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नका. आजच कोणाशी तरी बोला.

आता त्या फोनविषयी. ५० तासांनी तुम्हाला जितके थकवलेले नाही, तितके अनिश्चिततेने थकवले आहे, असे माझे वाचन आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले की कामाची मागणी मोठी असणे हे एकट्याने तितके मारक नसते; मागणी मोठी आणि तिच्यावर आपले नियंत्रण थोडे, हा मेळ माणसाला पिळून काढतो. आठवड्यात फोन तीनच येत असतील. पण ते कोणत्या तीन संध्याकाळी येतील हे माहीत नसल्यामुळे तुम्ही सातही संध्याकाळी कामावर असता. विश्रांतीवरच्या संशोधनात मनाने कामापासून सुटण्याला फार महत्त्व दिले जाते. शरीर घरी येऊन भागत नाही. खिशातल्या यंत्राकडे कान लावून बसलेल्या माणसाला ती सुटका मिळत नाही, मग फोन वाजो वा न वाजो.

म्हणून पहिली मागणी तास कमी करण्याची करू नका. संध्याकाळ ठरवून मिळण्याची करा. १४ जणांचा विभाग असताना रात्रीच्या चौकशीला एकच माणूस कायम उपलब्ध का असावा, याचे समर्थनीय कारण मला तरी दिसत नाही. अनुभवी असे तीन-चार जण निवडा, संध्याकाळच्या पाळ्या लावा, सकाळपर्यंत थांबू न शकणारे काम कोणते हे कागदावर लिहा आणि तो कागद ग्राहकांपर्यंत पोहोचवा. तुमच्या वाट्याला आठवड्यात दोन संध्याकाळी येतील. त्या दोन दिवशी फोन घ्या, मनापासून घ्या. उरलेल्या पाच दिवशी तो दुसऱ्या खोलीत ठेवा. वरिष्ठांकडे जाताना ‘मला घरी वेळ हवा’ असे म्हणू नका. त्याचे उत्तर सहानुभूतीचे एक वाक्य असते आणि सहानुभूतीचे वाक्य अमलात येत नसते. ‘सगळे एकाच माणसावर अवलंबून आहे, ही विभागाची जोखीम आहे; तीन महिने ही पद्धत चालवून पाहू आणि तक्रारी मोजू,’ असे म्हणा. ही तुमच्याच पेशाची भाषा आहे आणि ती खरीही आहे.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. तुम्ही स्वतः किती जणांना रात्री साडेनऊला फोन करता? विभागप्रमुखाच्या घरी जे घडते, त्याची छोटी प्रत त्याच्या हाताखालच्यांच्या घरी घडत असते. वरिष्ठ एकंदरीत चांगला, प्रेमळ आहे याने कर्मचाऱ्याची ओढाताण जितकी हलकी होते, त्यापेक्षा वरिष्ठ त्याच्या घरच्या जबाबदाऱ्या ओळखून प्रत्यक्ष मदत करतो याने ती अधिक हलकी होते, असे २०११ सालच्या आणखी एका विश्लेषणातून पुढे आले. अशा वरिष्ठाचे एक लक्षण असे सांगतात की तो स्वतः घरी वेळेवर जाताना दिसतो. एका मोठ्या कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात असाच प्रयोग झाला होता. काही गटांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून त्यांना वेळेवर अधिक ताबा देण्यात आला आणि त्यांच्या वरिष्ठांना प्रशिक्षण देण्यात आले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओढाताण कमी झाली. चमत्कार झाला नाही, माफकच कमी झाली, पण माणसांनी नोकरी न सोडताच ती कमी झाली.

वडिलांच्या देखभालीविषयी तुम्ही दीड ओळ लिहिली आहे, आणि मला वाटते पत्रातला सर्वांत जड भाग तोच आहे. दुपारच्या औषधाची काळजी ही वेळेची अडचण नाही. माहितीची अडचण आहे. औषध दिले की एका शब्दाचा निरोप येईल, अशी व्यवस्था देखभाल करणाऱ्या व्यक्तीशी ठरवून घ्या आणि दिवसात एकदा ठरलेल्या वेळी वडिलांशी स्वतः बोला. बाकीच्या वेळी निरोप नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानण्याचा करार स्वतःशी करा. पुराव्याशिवाय विश्वास ठेवणे तुम्हाला कठीण जाईल, सवयीने जमेल.

आता पत्नी. दिवसभर रुग्णांचे हातपाय हलवून, त्यांना धीर देऊन ती घरी येते आणि घरी पक्षाघाताचा एक रुग्ण असतो. घरातच तज्ज्ञ आहे म्हटल्यावर व्यायाम, औषधे, डॉक्टरांशी बोलणे हे सारे आपोआप तिच्याकडे गेले असणार, असा माझा कयास आहे. चुकला तर मला आनंदच होईल. तुमची ओढाताण निदान दोन निरनिराळ्या भूमिकांमधली आहे. तिला एकच भूमिका दोन पाळ्यांत करावी लागते, आणि दुसऱ्या पाळीत घरी आलेला नवरा तपासणी करतो. एकाचा ताण जोडीदारात उतरतो, हे १९८० च्या दशकापासून जोडप्यांच्या दैनंदिन नोंदींच्या अभ्यासांत दिसत आले आहे. त्यामुळे ‘मी काय करू’ हा प्रश्न तुम्ही एकट्याने सोडवू नये. राजीनाम्याचा मसुदा तिने पाहिला आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाहिला नसेल, तर तो तुमच्या वरिष्ठांआधी तिच्यापुढे जायला हवा, कारण ‘तिच्या उत्पन्नावर काही काळ भागेल’ या गृहीतकावरही तिची सही लागेल. वडिलांच्या व्यायामाचे तीन दिवस तुम्ही घ्या. तिच्याकडून एकदा शिकून घ्या, आणि शिकताना चुका तिला काढू द्या.

राजीनामा कधी योग्य ठरेल, हेही सांगायला हवे, नाहीतर मी नोकरीची वकिली करतो आहे असे वाटेल. तीन महिन्यांनंतरही ठरलेल्या संध्याकाळी मिळाल्या नाहीत, किंवा मागितल्यामुळे तुमच्याशी आकसाने वागले गेले, किंवा प्रकृतीने स्पष्ट इशारा दिला, तर जरूर द्या. तुमच्या वहीत असे दिसले की फोन बंद असलेल्या चांगल्या झोपेच्या दिवशीही काम तितकेच नकोसे वाटते, तर मग प्रश्न ओढाताणीचा नाही, कामाचाच आहे, आणि तेव्हाही द्या. बढतीआधीच्या पदावर परत जाणे हा मधला मार्ग आहे. त्यात कमीपणा वाटतो म्हणून लोक त्याचा विचारच करत नाहीत आणि थेट दार आपटून निघून जातात. मात्र नोकरी सोडलीत तर काम घरात घुसायचे थांबेल, घर तुमच्यात घुसायचे थांबणार नाही. त्याबरोबर कामातून घरात येणाऱ्या चांगल्या गोष्टीही थांबतील: पगार, एखादा किचकट प्रश्न सोडवल्याचा उल्हास, चार समव्यवसायी माणसांची संगत. या देवाणघेवाणीवरही २००६ पासून पुष्कळ लिहिले गेले आहे. चोवीस तास घरात असलेला, उत्पन्न नसलेला, स्वतःवर नाराज असलेला लेखापरीक्षक तुमच्या घराला परवडेल का, याचा विचार पत्नीबरोबर बसून करा. मसुदा तोवर फाडू नका. असू द्या. त्यावर तीन महिन्यांनंतरची तारीख घाला.

राहिला मुलीचा प्रश्न. विमानांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा एक जुना अभ्यास आहे, १९८९ सालचा, रेना रेपेट्टी यांचा. ज्या दिवशी कामाचा भार जास्त असे, त्या संध्याकाळी ही माणसे घरी अबोल होत, आपल्यातच मिटून बसत. जोडीदाराने समजून घेऊन तेवढी मोकळीक दिली की ती तशी शांत बसत आणि राग कमी काढत. बाहेरून पाहणाऱ्याला हे मिटणे कंटाळ्यासारखे दिसते. दहा वर्षांच्या मुलीला तर दिसणारच. तिने निरीक्षण बरोबर नोंदवले आहे, अर्थ लावण्यापूर्वी तुम्हाला विचारले आहे, आणि तुम्ही उत्तर दिलेले नाही.

ते उत्तर द्यायला तीन महिने थांबू नका, आज संध्याकाळीच द्या. घरी आल्यावर पहिली २० मिनिटे कोणाशी न बोलता बसायची तुम्हाला गरज असेल, तर तसे तिला सांगा आणि किती वाजता उठाल तेही सांगा, म्हणजे तिला घड्याळ पाहता येईल. कंटाळा येत नाही, बाबा दमलेला असतो, आणि दमलेला असताना त्याला चुकाच दिसतात, हे तिच्या भाषेत सांगा. मग तिने वही आणली तर तपासू नका. ती कोणते पान दाखवते ते पाहा.